थव्याने राहणारे शोभिवंत मासे (घरगुती संगोपन)

निऑन टेट्रा, हार्लेक्विन रास्बोरा, झेब्रा डॅनिओ, टायगर बार्ब, कॉरिडोरस हे उष्ण कटिबंधातील गोड्या पाण्यातले मासे निसर्गात थव्याने राहतात. घरच्या काचेच्या टाकीतही ते एकाच जातीचे आणि पुरेशा संख्येने ठेवावे लागतात. किमान सहा असावेत असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. जागा असल्यास आठ-दहा अधिक चांगले.

थव्यात धोका लवकर कळतो आणि शिकाऱ्याला एकच भक्ष्य हेरणे अवघड जाते. शेजाऱ्याची हालचाल मासा डोळ्यांनी आणि दोन्ही कुशींवरील पार्श्वरेखेने (पाण्यातली हालचाल जाणवणाऱ्या संवेदी रेषेने) टिपतो. टाकीत शिकारी नसला तरी ही उपजत गरज सुटत नाही. एकटादुकटा निऑन झाडांमागे दडतो, खाण्यावर येत नाही, त्याचा निळा-लाल पट्टा फिकट पडतो. (रात्री दिवा बंद असताना रंग उतरणे मात्र स्वाभाविक आहे, उजेड झाला की तो परत चढतो.) टायगर बार्ब दोन-तीनच असतील तर एंजलफिशचे लांब पर कुरतडतात. आठ-दहा असले की त्यांचा पाठलाग बराचसा आपापसातच चालतो. तरीही लांब परांचे मासे त्यांच्यासोबत ठेवू नयेत.

आपल्याकडे हे मासे बहुधा जोडीच्या भावाने विकले जातात, त्यामुळे नवखा माणूस पाच जातींची एकेक जोडी घेऊन येतो. टाकी रंगीबेरंगी दिसते, पण त्यातल्या एकाही माशाला थवा मिळत नाही. तेवढ्याच जागेत एकाच जातीचे दहा मासे ठेवणे त्यांच्यासाठी कितीतरी हिताचे.

दहा निऑनना साधारण 60 लिटरची, उंचीपेक्षा लांबीला जास्त असलेली टाकी पुरते. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातील ‘मिस केरळ’ या माशाचे तसे नाही. 2013 मध्ये याच्या प्रजातीला (जीनसला) सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले. दुकानात बोटभर दिसणारा हा चपळ मासा पुढे 10 सेंटिमीटरहून मोठा होतो. सहांच्या थव्याला किमान चार फुटी टाकी आणि वाहते, भरपूर प्राणवायूचे पाणी हवे. बेसुमार पकडीमुळे निसर्गात तो संकटात आहे, म्हणून घ्यायचाच तर टाकीत पैदास झालेला घ्यावा.

मासे मरून थवा तीन-चारांवर आला तर भर घालावी. नवे मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांसारखा रोग जुन्या थव्यात शिरत नाही.