शिंगराची मान भरायची वाट कशाला बघायची?

चिकोडी-निपाणीकडं कुठल्याही गावात विचारा, खोंड कधी बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, तर उत्तर एकच येतं: मान भरू दे, वशिंड उठू दे, मग वृषणाच्या नसा चेंगरणारा चिमटा लावायचा. आमचा आज्जाही हेच सांगायचा आणि बैलापुरतं त्याचं बरोबर होतं. जू मानेवर येतं. मान आणि वशिंड भरतात ती वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या जोरावर. खोंड फार लवकर बडवला की मान बारीक राहते.

हाच हिशोब आपल्याकडं घोड्यालाही लावतात. टांग्यासाठी किंवा शर्यतीच्या गाडीसाठी घेतलेलं नर शिंगरू तीन-चार वर्षांचं होईपर्यंत तसंच ठेवतात. लवकर खच्ची केलं तर "वाढ खुंटतीया, हाडात ताकद ऱ्हात न्हाई" ही भीती. कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या मनातही तीच. घोड्याचं शरीर मात्र वेगळं सांगतं, आणि ते समजून घेतलं तर पुष्कळ शिंगरांचे हाल वाचतील असं मला मनापासून वाटतं.

घोडी सुमारे 340 दिवस गाभण असते, त्यामुळं शिंगरू जन्मतःच लांब पायांचं, तासा-दोन तासांत उभं राहणारं असतं. पहिल्या वर्षात ते इतक्या झपाट्यानं वाढतं, की वर्षाचं होताना पूर्ण उंचीच्या जवळजवळ 90 टक्के उंची त्यानं गाठलेली असते. वयात येतं ते साधारण दीड वर्षाच्या मागंपुढं. म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा खरा जोर सुरू होईपर्यंत उंचीचं बहुतेक काम उरकलेलं असतं.

उरलेल्या वाढीचं काय? लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, एक पातळ थर असतो, त्याला वाढपट्टी म्हणू. तिथं नवी कूर्चा तयार होत राहते, तिचं हाड बनतं आणि हाडाची लांबी वाढते. नर वयात आला की टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरातच इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकात बदलतो, आणि हे इस्ट्रोजेन वाढपट्ट्यांना कुलूप घालतं. ज्याला आपण वाढीचं औषध समजतो, तेच लांबीची वाढ थांबवतं! वृषणं काढली की कुलूप थोडं उशिरा लागतं, त्यामुळं लवकर खच्ची केलेला घोडा खुजा न राहता किंचित उंचच होऊ शकतो. इटलीत पूर्वी कोवळा आवाज टिकावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेले गायक असत, त्यांचे हातपाय असेच लांब वाढत. घोड्यात कमी पडतो तो मानेचा फुगार आणि थोडी स्नायूंची भर. त्यानं पळणं अडत नाही. ऑस्ट्रेलियात 1930 चा मेलबर्न कप ही शर्यत जिंकणारा फार लॅप हा खच्ची केलेलाच घोडा होता, आणि अंगानं चांगला धिप्पाड.

आता शिंगराच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवून बघा. गुडघ्याच्या जरा वर हाडाचं टोक थोडं फुगीर लागतं. तिथली वाढपट्टी दोन-अडीच वर्षांपर्यंत उघडी असते. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाची पट्टी त्याच्या कितीतरी आधी मिटते, आणि पाठीच्या मणक्यांच्या पट्ट्या पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त घेतात. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास बदलतात. बैलाचा दात बघून बाजारात वय ठरवणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. घोडा दोन दाती झाला म्हणजे गुडघ्यावरची पट्टी मिटत आली, जुळला, म्हणजे पुढचे सगळे दात बदलले, की पाठ पक्की होत आली, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. हाडांचं नुकसान होतं ते इथं: दोन दाती होण्याआधीच गाडीला जुंपून डांबरी रस्त्यावर पळवल्यानं. रानात मोकळं उंडारणं शिंगराला हवंच, त्यानं हाड घट्ट होतं. वजन ओढत पळणं निराळं.

आमच्या गावात चार वर्षांपर्यंत तसाच ठेवलेला एक घोडा मी पाहिलाय. घोडी दिसली की दावं तोडायचा, एकदा मालकाचाच दंड धरला. मग घाईनं खच्ची केला आणि रात्रभर रक्त थांबेना. वाचला, पण महिनाभर मागचे पाय फाकवून चालत होता. वय वाढतं तशी वृषणं मोठी होतात, त्यांच्याकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या जाड होतात, आणि रक्तस्राव, सूज यांचा धोकाही वाढतो. म्हणून सहा महिने ते दीड वर्ष हा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

मात्र खच्ची केलं की घोडा गरीब होतोच, असं नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 1985 मध्ये, वयात येण्याआधी आणि नंतर खच्ची केलेल्या घोड्यांची तुलना केली. दोन्ही गटांत साधारण 20 ते 30 टक्के घोडे इतर घोड्यांशी नरासारखेच वागत राहिले. चावरेपणा जातो तो रोजच्या हाताळणीनं.

थांबायचं कधी? दोन्ही वृषणं खाली उतरली नसतील तेव्हा. बहुतेक शिंगरांत ती जन्माच्या वेळी किंवा पहिल्या काही आठवड्यांत उतरतात. एकच हाताला लागलं तर तेवढं काढून मोकळं होऊ नये. पोटात राहिलेलं वृषण टेस्टोस्टेरॉन बनवत राहतं. घोडा दिसायला खच्ची, वागायला नर, आणि पुढं विकत घेणाऱ्याची फसगत.

बैलाचा चिमटा घोड्याला लावू नका. घोड्यावर भूल देऊन शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि ती पशुवैद्यकानंच करायची. वृषणं पोटातून खाली येतात ती वाट रुंद असेल तर जखमेतून आतडं बाहेर येऊ शकतं, तेही काही तासांत. दुसरी भीती धनुर्वाताची. त्याचे जंतू लीद-मातीत असतात आणि घोड्याइतका त्याला बळी पडणारा प्राणी विरळाच. कान ताठ, शेपूट ताठ, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला, अशा अवस्थेतला घोडा एकदा पाहिला की विसरता येत नाही. लस आधीच टोचून घ्या. खानापूरच्या पावसात, चिखलात आणि माश्यांत हे काम काढू नये, जखमेत किडे पडतात. मार्गशीर्ष-पौषातली कोरडी थंडी बरी.

पहिला दिवस घोड्याला स्वच्छ, कोरड्या जागी शांत ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून लगाम धरून रोज चालवायचं, म्हणजे जखमेतलं पाणी निथळतं आणि सूज उतरते. दुखतंय म्हणून बांधून ठेवलं तर सूज वाढते. आणि वयात आलेला घोडा असेल, तर वीर्य वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये शुक्राणू काही दिवस शिल्लक राहतात. बिऱ्हाड लादलेल्या घोड्या घेऊन मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगरांनी तरी असा घोडा निदान महिनाभर माद्यांपासून लांब बांधावा.