पगार नव्हे, विद्यावेतन: तरुण संशोधकांच्या आर्थिक तुटीची पार्श्वभूमी

तरुण संशोधकाच्या हाती पैसे कमी पडतात, हे काही नवं नाही. पण त्या पैशाला 'पगार' म्हणत नाहीत, याकडे फारसं कुणी बघत नाही. पुढच्या तीस वर्षांचं बरंच नुकसान या नावातच दडलेलं असतं.

1810 मध्ये बर्लिनचं विद्यापीठ निघालं आणि अध्यापनाबरोबर संशोधन करणाऱ्या विद्यापीठाचा नमुना रूढ झाला. जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकपदाच्या अलीकडची पायरी होती प्रिवाटडोझेंटची. त्याला शिकवण्याचा अधिकार असे, पगार नसे. वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांची फी हीच कमाई. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने 1917 च्या म्युनिकमधल्या व्याख्यानात हे आडपडदा न ठेवता सांगितलं: ही वाट घरचं बरं असलेल्यांचीच.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 1876 मध्ये वर्षाला 500 डॉलरच्या 20 फेलोशिप दिल्या. 1919 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या फेलोशिप आल्या, त्या डॉक्टरेट झालेल्यांसाठी. वर्ष-दोन वर्षं निभावून न्यायची, मग प्राध्यापकी, अशी त्यामागची कल्पना.

ही कल्पना मोडली, रक्कम मात्र त्याच कल्पनेने ठरत राहिली. 1998 ते 2003 दरम्यान अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निधी दुप्पट झाला. प्रयोगशाळा वाढल्या, त्यात राबणारे पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतर तात्पुरत्या जागेवर काम करणारे संशोधक, वाढले. कायम जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. निधीची वाढ थांबल्यावर रांग तिथेच तुंबली. याच संस्थेच्या 1974 पासूनच्या प्रशिक्षण फेलोशिपचा दर इतर अनेक प्रयोगशाळाही प्रमाण मानतात. 2016 मध्ये तो नवख्या पोस्टडॉकसाठी 43,692 वरून 47,484 डॉलरवर गेला. कारण? ओव्हरटाइमच्या नव्या नियमाची मर्यादा 47,476 होती; पगार त्याहून कमी असेल तर जादा तासांचे पैसे द्यावे लागणार होते. आठ डॉलर वर! तो नियम न्यायालयात अडकला. दरवाढ तेवढी टिकली.

आता तूट कशी साचते ते पाहू. एकाने 22 ते 32 या वयात दरवर्षी 1,000 बाजूला टाकले आणि पुढे एक पैसाही घातला नाही. दुसऱ्याने ही वर्षं पीएचडी आणि पोस्टडॉकमध्ये घालवून 32 ते 60 दरवर्षी तेवढेच टाकले. 6 टक्के दराने साठीला पहिल्याकडे सुमारे 67,400 होतात, दुसऱ्याकडे 68,500. पहिल्याने घातले 10,000, दुसऱ्याने 28,000. पुढे पगार चांगला झाला तरी हे अंतर सहजी भरत नाही, कारण चुकलेली असतात ती चक्रवाढीला सर्वांत जास्त वेळ मिळालेली वर्षं. पगाराचंही तसंच. अर्थशास्त्रज्ञ शुलामिट कान आणि डॉना गिंथर यांनी 2017 मध्ये जैववैद्यकातला हिशेब मांडला: पोस्टडॉक केलेले लोक डॉक्टरेटनंतरच्या पहिल्या 15 वर्षांत सुमारे एक पंचमांश कमाई गमावतात.

आणि आता नावाचा प्रश्न. मार्गदर्शकाच्या अनुदानातून पैसे मिळणारा पोस्टडॉक बहुधा कर्मचारी गणला जातो. त्यालाच मानाची, स्वतःची फेलोशिप मिळाली की टेबल तेच, काम तेच, पण अनेक ठिकाणी तो कर्मचारी उरत नाही. मग संस्थेचा निवृत्तिनिधीतला वाटा थांबतो. सामाजिक सुरक्षेची, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची, कपात होत नाही म्हणून हाती चार पैसे जास्त येतात खरे, पण त्या वर्षांची तिथे नोंदच होत नाही. बक्षीस म्हणून ही शिक्षाच.

कर मात्र चुकत नाही. अमेरिकेत 1986 च्या करसुधारणेने शिक्षणशुल्क आणि अभ्यासाच्या आवश्यक खर्चापलीकडचं विद्यावेतन करपात्र ठरवलं. पण वैयक्तिक निवृत्ती खात्यात पैसे टाकायला 'कष्टाची कमाई' लागते, आणि पगारपत्रक नसलेलं विद्यावेतन त्यात धरत नव्हते. म्हणजे कर भरायला उत्पन्न, बचत करायला मात्र नाही. 2019 च्या कायद्याने हे बदललं, 2020 च्या करवर्षापासून. या खात्याची मर्यादा वर्षागणिक असते, राहिलेली वर्षं मागाहून भरता येत नाहीत. त्यामुळे आधीच्या फेलोंची ती वर्षं कायमची कोरीच राहिली.