प्रक्रिया-खनन

संस्थेचा कारभार संगणकावर चालू लागला की कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद आपोआप साठत जाते. या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने व कोणत्या वाटांनी होते ते शोधणे, ते ठरवून दिलेल्या पद्धतीशी ताडून पाहणे आणि ते कोठे अडते हे हेरणे, या तंत्रांना मिळून प्रक्रिया-खनन म्हणतात. व्यवसाय-प्रक्रिया व्यवस्थापन आणि विदाविज्ञान यांच्या सीमेवरची ही शाखा आहे. व्यवहारात ‘प्रोसेस मायनिंग’ हेच नाव अधिक चालते. ‘खनन’ हा शब्द थोडा फसवाही आहे. खाणीत धातू आधीपासून असतो. नोंदींच्या तळाशी मात्र तयार आराखडा पडलेला नसतो. तो रचावा लागतो, आणि एकाच नोंदवहीतून एकाहून अधिक आराखडे रचता येतात.

नोंदवहीचे स्वरूप : प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी लागतात : प्रकरण, कृती आणि वेळ. विमा दाव्याचा क्रमांक हे प्रकरण. ‘दावा नोंदवला’, ‘कागदपत्रे तपासली’, ‘रक्कम मंजूर केली’ या कृती. एका प्रकरणातील कृती वेळेनुसार मांडल्या की त्या प्रकरणाचा ‘माग’ मिळतो. कृती कोणी केली, खर्च किती आला, ही माहिती असल्यास विश्लेषण पुढे नेता येते. नोंदी क्वचितच अशा तयार रूपात मिळतात. त्या अनेक तक्त्यांत विखुरलेल्या असतात. वेळेऐवजी नुसती तारीख असेल, तर एकाच दिवशीच्या कृतींचा क्रम हरवतो. देवाणघेवाणीसाठी ‘एक्सईएस’ हा नोंदी लिहिण्याचा साचा रूढ असून २०१६ मध्ये त्याला आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १८४९ या क्रमांकाने मानकाचा दर्जा मिळाला.

उगमाविषयीची मते : या शाखेची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकमत नाही. काही लेखक ती ई. मार्क गोल्ड यांच्या १९६७ मधील भाषा-अनुमानावरील, म्हणजे उदाहरणांवरून भाषेचे नियम ओळखण्यावरील, निबंधापर्यंत मागे नेतात. केवळ होकारी उदाहरणे (भाषेत बसणारी वाक्ये) दिली, तर नियमित भाषांचा, म्हणजे सर्वांत साध्या नियमांच्या औपचारिक भाषांचा, संपूर्ण वर्गसुद्धा खात्रीने ओळखता येत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. नोंदवहीतही फक्त होकारी उदाहरणे असतात. जे घडले ते लिहिलेले असते, जे घडूच शकत नाही ते कोणी लिहीत नाही. त्यामुळे गोल्ड यांचा निष्कर्ष या विषयाची मर्यादा सांगतो हे खरे. पण तेवढ्यावरून त्यांना विषयाचे आद्य प्रवर्तक म्हणणे ताणल्यासारखे वाटते. १९७२ मध्ये बिअरमन व फेल्डमन यांनी नमुन्यांवरून मर्यादित-स्थिती यंत्रे (ठरावीक स्थितींमधून पुढे सरकणारी गणिती प्रारूपे) बांधण्याची रीत दिली, तिचा वारसा अधिक थेट आहे.

दुसरी परंपरा कार्यालयीन स्वयंचलनाची. १९७० च्या दशकात मायकेल झिसमन यांनी कार्यालयीन कामकाज मांडण्यासाठी पेट्री जाळी (वर्तुळांनी स्थिती, चौकोनांनी कृती आणि वर्तुळांतल्या खुणांनी काम कोठवर आले ते दाखवणारी आकृती) वापरली, तर झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात क्लॅरन्स एलिस यांनी माहिती-नियंत्रण जाळ्यांवर, म्हणजे कार्यालयातील कामे व माहिती यांचा प्रवाह दाखवणाऱ्या आकृत्यांवर, काम केले. यात नोंदींवरून शोध नाही, पण प्रक्रियेला गणिती आकृती देण्याची सवय येथून आली. पेट्री जाळ्यांचा स्वतःचा उगमही वादातीत नाही. कार्ल आडाम पेट्री यांनी १९३९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, रासायनिक क्रिया टिपण्यासाठी ही आकृती योजली असे सांगितले जाते. ही हकीकत बरीच नंतर प्रचारात आली; कालनिर्देशासाठी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध धरणे सुरक्षित.

प्रत्यक्ष नोंदींवरून प्रक्रिया शोधण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकाच्या मध्यावर दिसू लागतात. जोनाथन कुक व अलेक्झांडर वुल्फ यांनी १९९५ च्या सुमारास सॉफ्टवेअर-निर्मितीच्या प्रक्रियांवर हे काम सुरू केले आणि त्यासाठी चेतापेशी जाळे, बिअरमन–फेल्डमन यांच्या पद्धतीचे विस्तारित रूप आणि मार्कोव्ह साखळी (एका कृतीनंतर दुसरी येण्याची संभाव्यता मांडणारे प्रारूप) असे तीन मार्ग तपासले. १९९८ मध्ये राकेश अगरवाल, दिमित्रिओस गुनोपुलोस आणि फ्रांक लायमन यांनी कार्यप्रवाहाच्या नोंदींवरून कृतींचे परस्परावलंबन दाखवणारा आलेख काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अनिंद्य दत्त यांचाही चालू व्यवसाय-प्रक्रिया शोधण्यावरील निबंध आला. कालक्रमाचा निकष लावला तर मान कुक व वुल्फ यांचा. व्यवसाय-प्रक्रियांपुरते बोलायचे तर १९९८ चे निबंध पहिले. परंतु दोन वाटांपैकी एकच घ्यायची की दोन्ही कामे समांतर चालायची, हा फरक आलेखाच्या नुसत्या बाणांतून कळत नाही. तो भेद आकृतीतच स्पष्ट होणे ही कसोटी मानली, तर नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे विल फान डेर आल्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाला अग्रस्थान द्यावे लागते. प्रस्तुत लेखात हीच कसोटी ग्राह्य धरली आहे. शाखेचे आजचे नावही १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच गटाकडून रूढ झाले, असे सामान्यतः मानतात.

अल्फा रीत : फान डेर आल्स्ट यांनी कार्यप्रवाहांसाठी पेट्री जाळ्यांचा एक मर्यादित वर्ग निश्चित केला होता. त्यात एकच आरंभ व एकच शेवट असतो. कोठूनही शेवटास पोहोचता आले पाहिजे, शेवटी मागे काही उरता कामा नये आणि कधीच न घडणारी कृती आराखड्यात असता कामा नये. या गुणाला सुदृढता म्हणता येईल. अशा जाळ्यांपर्यंत नोंदींवरून कसे जावे, याचे उत्तर फान डेर आल्स्ट, वाइटर्स व मारुश्टर यांच्या २००४ मधील निबंधात आहे. रीत सोपी आहे. कोणती कृती कोणत्या कृतीच्या लगेच मागोमाग कधीतरी आली, एवढेच पाहायचे. ‘क’नंतर ‘ख’ येते पण ‘ख’नंतर ‘क’ कधीच येत नाही, तर ‘क’ हे ‘ख’चे कारण, दोन्ही क्रम आढळले, तर त्या कृती समांतर, एकही क्रम आढळला नाही, तर त्यांचा थेट संबंध नाही. काही दाव्यांत कागदपत्रे आधी व स्थळपाहणी लगेच नंतर, काहींत नेमके उलट, असे दिसले की ही रीत दोन्ही कामे समांतर ठरवते.

हिचे बळ मोजून दाखवता येते. दहा कृती समांतर चालत असतील, तर त्यांचे ३६,२८,८०० क्रम संभवतात. एवढे सगळे क्रम नोंदवहीत येण्याची वाट पाहणे व्यर्थ. अल्फा रीतीला मात्र लगतच्या ९० जोड्या दिसल्या की पुरते. दुबळेपणाही तेथेच आहे. जोडी एकदा आली काय नि हजारदा आली काय, तिचे वजन सारखेच. त्यामुळे एक चुकीची नोंद आराखडा बिघडवू शकते. ‘क ख क ख’ असा छोटा फेरा असला, तर दोन्ही क्रम दिसल्यामुळे कृती समांतर वाटतात. या फेऱ्यांसाठी पुढे सुधारित रूपे आली, वारंवारता मोजणाऱ्या अनुभवाधिष्ठित रीतीही आल्या. २०१३ मध्ये लेमान्स, फाहलांड व फान डेर आल्स्ट यांनी मांडलेल्या रीतीत नोंदवहीचे पुनःपुन्हा तुकडे करून प्रक्रियावृक्ष (क्रम, निवड, समांतरता व फेरा यांची फांद्यांसारखी मांडणी) बांधला जातो, म्हणून मिळणारा आराखडा रचनेनेच सुदृढ असतो. अल्फा रीत आज प्रत्यक्ष कामात फारशी वापरत नाहीत. अभ्यासक्रमात मात्र तिचे स्थान टिकून आहे.

अनुरूपता तपासणी : आराखडा हाती असेल, तर प्रत्येक माग त्यावरून चालवून पाहता येतो. रोझिनात व फान डेर आल्स्ट यांच्या पद्धतीत पेट्री जाळ्यातील खुणा किती कमी पडल्या आणि किती मागे उरल्या यावरून जुळणीचे माप ठरते. नंतरच्या संरेखन पद्धतीत माग व आराखडा यांच्यातील सर्वांत स्वस्त तडजोड, म्हणजे कमीत कमी फरक ठेवून बसणारी जुळवणी, शोधतात. ही अधिक नेमकी, पण मोठ्या नोंदींवर वेळखाऊ. नुसती जुळणी पुरत नाही. कोणतीही कृती कधीही चालू देणारे ‘फूल-प्रारूप’ प्रत्येक मागाशी जुळते, पण काहीच सांगत नाही. उलट, प्रत्येक मागासाठी वेगळी वाट काढणारा आराखडा उद्याचे एखादे नवे प्रकरण आले की कोसळतो. म्हणून जुळणीबरोबर काटेकोरपणा, व्यापकता आणि साधेपणा हेही निकष मानतात. नियमबाह्य वळण म्हणजे गैरप्रकारच, असे समजणे चूक आहे. अनेकदा नियम जुना झालेला असतो आणि कर्मचाऱ्यांनी काम पुढे नेण्यासाठी वाट काढलेली असते.

प्रसार : आइंडहोव्हन येथे विकसित झालेली ‘प्रॉम’ ही मुक्त प्रणाली संशोधकांत रुळली. व्यवसाय-प्रक्रिया व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय परिषद २००३ पासून भरते. प्रक्रिया-खननाची स्वतंत्र परिषद २०१९ मध्ये आखेन येथे सुरू झाली. म्युनिक येथील सेलोनिस (२०११) ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित कंपनी. रुग्णालये, बँका, खरेदी विभाग व लेखापरीक्षण येथे या तंत्रांचा उपयोग होतो.

वस्तुकेंद्री नोंदी : प्रत्येक घटना एकाच प्रकरणाची असते, हे गृहीतक अलीकडे डळमळीत झाले आहे. एका मागणीतील वस्तू तीन खेपांत जातात, एका खेपेत दोन मागण्यांचा माल असतो, आणि बिल तिसऱ्याच हिशेबाने निघते. अशा वेळी मागणीला प्रकरण मानले, तर एकच खेप दोनदा मोजली जाते. खेपेला मानले, तर मागणीची वाट तुटते. यावर उपाय म्हणून घटनेला अनेक वस्तूंशी जोडणारा ‘ओसेल’ हा नोंदींचा साचा २०२० मध्ये पुढे आला. जुन्या रीतींपैकी बहुतेक एक-प्रकरणी नोंदींसाठी रचलेल्या असल्याने त्या त्यावर जशाच्या तशा चालत नाहीत.