कानबान: चिठ्ठी, बोर्ड की मर्यादा?

एखादी टीम "आम्ही कानबान करतो" म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा तिच्यासमोर कामाच्या टप्प्यांचे रकाने आखलेला, रंगीत चिठ्ठ्यांचा बोर्ड असतो. हा शब्द बोर्डापर्यंत पोचला कसा, ते पाहायला हवं.

1950च्या दशकात जपानच्या आइची प्रांतातल्या कोरोमो इथल्या मोटार कारखान्याने सुपरमार्केटची रीत उचलली. गिऱ्हाइकाने नेलं तेवढंच फडताळात पुन्हा भरायचं. पुढच्या विभागाने सुटे भाग उचलले की त्यांच्याबरोबरची चिठ्ठी मागे यायची, आणि ती आल्याशिवाय मागच्याने नवा भाग करायचा नाही. ही चिठ्ठी म्हणजे कानबान. जपानीत शब्दाचा रोजचा अर्थ दुकानावरची पाटी. आपल्याकडच्या शॉपफ्लोअरवरची 'टू-बिन' म्हणजे दोन पेट्यांची पद्धत याच जातीची: रिकामी झालेली बिन हीच मागणी.

संगणकाच्या कामात ही कल्पना रुजली तिचा एक धागा हैदराबादेत आहे. 2004 साली एका अमेरिकन कंपनीच्या अंतर्गत प्रणालींची दुरुस्ती तिथली छोटी टीम करायची. 80च्या वर विनंत्या तुंबलेल्या, एकेका कामाला सुमारे पाच महिने. माणसं कष्टाळू होती, पण प्रत्येक नवी विनंती आली की हातातलं काम टाकून तिचा अंदाज द्यायचा, आणि त्यातच टीमचा निदान तिसरा हिस्सा वेळ जायचा. त्यातल्या कित्येक विनंत्या पुढे कधी झाल्याच नाहीत. मग अंदाज देणं बंद केलं, हातात एका वेळी किती कामं घ्यायची ते बांधून टाकलं, आणि जागा रिकामी झाली की पुढचं काय घ्यायचं ते ग्राहकांनीच ठरवायचं असं ठरलं. 2005 संपेपर्यंत पाच महिन्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर आलं.

गंमत अशी की या टीमकडे भिंतीवर बोर्ड नव्हताच. रचना कानबान म्हणून आखलेलीही नव्हती; ती निघाली होती 'थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स'मधून, म्हणजे काम जिथे अडतं ती जागा धरून सगळी व्यवस्था आखायच्या विचारातून. कानबान हे नाव मागाहून चिकटलं, आणि बोर्ड 2006-07च्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीत आला. तिथून घोळ सुरू झाला. कारखान्यात चिठ्ठी म्हणजे 'जागा झाली, पाठव' हा निरोप. बोर्डावरची चिठ्ठी म्हणजे नुसतं काम. निरोप देते ती रकान्यातली मोकळी जागा. इंग्रजीत मोठा 'के' पद्धतीसाठी आणि लहान 'के' चिठ्ठीसाठी, असा भेद काही जण पाळतात. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून मराठीत बोलताना चिठ्ठी, बोर्ड आणि पद्धत हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि हातात एका वेळी किती कामं घ्यायची ही मर्यादा तेवढी गळून पडते.

माझ्या मते मर्यादा हाच कानबानचा प्राण आहे. हिशेब साधा आहे. आठवड्याला 3 कामं संपत असतील आणि हातात 12 असतील, तर एका कामाला सरासरी 4 आठवडे लागणार. हातात 6 ठेवा, वेग तोच राहिला तरी 2 आठवडे. 1961 साली गणिताने सिद्ध झालेला हा नियम बोर्ड कितीही देखणा असला तरी बदलत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कानबान मार्केटिंगपासून भरतीपर्यंत सगळीकडे पोचलं ते मुख्यत्वे तयार टूल्समधून. त्यातल्या बऱ्याच टूल्समध्ये रकान्याला मर्यादा घालायची सोय असते, पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करावी लागते. बोर्ड मात्र पहिल्या क्लिकलाच मिळतो.