हेवीवेटमध्ये जड गडीच जिंकतो का?

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत जिमच्या ग्रुपांवर एमएमएबद्दल (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या लढती) एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘एमएमएच्या हेवीवेट गटाला वजनाची मर्यादा नसते, त्यामुळे जड गडी हमखास जिंकतो.’

मर्यादा असते. प्रचलित नियमांत हा गट २०५ पौंडांच्या वर सुरू होऊन २६५ वर थांबतो, म्हणजे साधारण ९३ ते १२० किलो. पण गैरसमज हवेतून आलेला नाही. लगतच्या खालच्या गटाची रुंदी २० पौंड, इथे तब्बल ६०! वीस-पंचवीस किलोंचा फरक नियमात बसतो आणि जाणवतोही. जड गडी छातीवर बसला की खालच्याला उठणं सोडाच, श्वास घेणं कठीण.

मात्र ते वजन त्यालाही वागवावं लागतं. पाच मिनिटांचा एक राउंड, असे तीन; किताबाच्या लढतीत बहुधा पाच. मोठं अंग लवकर तापतं (मे महिन्यातल्या मालवणात हे वेगळं सांगायला नको), दम लागतो, हात खाली येतात, हनुवटी उघडी पडते. तिथे शंभर किलोवाल्याचा एक नेमका ठोसा पुरतो. पोटावरची चरबी जबड्याला वाचवत नाही.

पडताळायचं असेल तर लढतीआधीच्या वजनाचे आकडे जाहीर असतात. एखाद्या वर्षाच्या सगळ्या किताबी लढती घ्या, लक्षात राहिलेल्या तेवढ्याच नकोत. आधी दोघांची वजनं लिहा, मग निकाल. हातांच्या पल्ल्यासाठी वेगळा रकाना ठेवा. लांब हातांचा फायदा पुष्कळदा वजनाच्या नावावर खपतो.