संतांच्या आगबोटींपासून ‘आंग्रिया’पर्यंत

ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ मुंबईहून गोव्याकडे निघाली. कोकणातल्या जुन्या माणसांना हा मार्ग ओळखीचा होता, नवे होते ते जहाजाचे नाव. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्याशी ते नाव जोडलेले आहेच, शिवाय विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला समुद्राखाली असलेल्या प्रवाळ-पठारालाही त्यांच्याच नावावरून आंग्रिया बँक म्हणतात.

कान्होजी आरमारप्रमुख होते, नव्या भूमीच्या शोधात निघालेले दर्यावर्दी नव्हेत. जगभरच्या प्रवासी जहाजांवर मात्र संशोधक-दर्यावर्द्यांची नावे घालण्याचा प्रघात जुना आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर 1893 पासून टपाल, माल आणि माणसे नेणाऱ्या हुर्टिग्रुटेन सेवेच्या नावाखाली अलीकडे ध्रुवीय सफरींसाठी निघालेल्या जहाजांना रोआल अमुंडसेन आणि फ्रिडयॉफ नान्सेन यांची नावे मिळाली. एका ब्रिटिश क्रूझ कंपनीकडे तर ‘मार्को पोलो’, ‘मॅगेलन’, ‘कोलंबस’ आणि ‘वास्को द गामा’ अशी सारी पंगतच होती. कंपनी 2020 मध्ये बुडाली आणि यांतली पहिली तीन जहाजे 2021 मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. ‘मार्को पोलो’ मुळात 1965 चे ‘अलेक्सांद्र पुश्किन’ हे सोव्हिएत जहाज होते. मालक बदलला की नावही बदलते, हे त्यावरून दिसते.

परदेशी प्रवाशांचे पाय कोकणालाही लागले होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि त्याचे स्मारक आज रेवदंड्यात आहे. वास्को द गामाच्या नावाचे शहर गोव्यात आहे. तरीही इथल्या आगबोटींची नावे ठेवताना कंपन्यांनी वेगळाच विचार केला. एकोणिसाव्या शतकापासून या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. स्वदेशीच्या काळात तिच्या स्पर्धेत उतरलेल्या आणि लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून आपलीशी केलेल्या कंपनीच्या बोटी होत्या ‘तुकाराम’, ‘रामदास’, ‘सेंट झेवियर’. उतारूंत वारकरी होते तसे ख्रिस्ती गोवेकरही होते, आणि नावे त्यांच्या श्रद्धेला धरून निवडलेली होती. हे मला निव्वळ भाविकपण वाटत नाही, त्यात व्यापाराची चांगली जाण आहे.

या बोटींनी प्रवास करणे सुखाचे नव्हते. हर्णे, जयगड, मुसाकाजी, देवगड, वेंगुर्ला यांसारख्या अनेक बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि चाकरमानी गाठोडी, ट्रंका, पोरेबाळे घेऊन पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर येत. पावसाळ्यात लांबची वाहतूक बंद असे, त्यामुळे गावी जायचे बेत बोटीच्या हंगामावर ठरत. खाडीच्या तोंडाशी चालणाऱ्या जवळच्या फेऱ्या मात्र पावसातही सुटत. धोका सगळीकडेच होता. 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले होते. अलिबाग-पेण भागातल्या घराघरांत ‘रामदास’ हे नाव पुढे दुसऱ्याच अर्थाने उच्चारले गेले.

नंतरच्या बोटींची नावे बदलली: ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’. संतांची जागा प्रदेशाने घेतली. रस्ते सुधारत गेले, एसटीचे जाळे पसरले आणि जानेवारी 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबई-गोवा जलवाहतुकीची गरज त्याआधीच ओसरली होती. नॉर्वेत टपालबोटीची पर्यटनबोट होताना सेवा अखंड राहिली. इथे दोन्हींच्या मध्ये मोठी पोकळी आहे.

‘आंग्रिया’ त्या पोकळीनंतर आली. जपानमध्ये बांधलेले ते जुने प्रवासी जहाज होते, 104 खोल्यांचे, मुंबई ते गोवा रात्रभराच्या सफरीचे. 2020 मध्ये कोविडच्या साथीने त्याच्या फेऱ्या थांबवल्या. ज्या देवगड-मालवणात एकेकाळी पडाव आगबोटीची वाट पाहत, तिथून त्या दीडेक वर्षात दिसले असतील ते फक्त रात्री दूरवरून सरकणारे दिवे.