काळी ट्यूब पॅलेटबाहेर कशी गेली: कोल्हापुरातल्या रस्त्याच्या तैलचित्राची पार्श्वभूमी

कोल्हापुरात तैलरंग रुजले ते दरबारी व्यक्तिचित्रांतून आणि नाटकाच्या पडद्यांतून. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेची शिस्त इथवर आली, तीत छायाप्रकाश तपकिरी-काळ्यातून बांधला जाई. निसर्गचित्रातही मान पाण्याकाठाला: रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट. रस्त्याची वर्दळ विषय म्हणून मागाहून आली.

१८४१ ची कथलाची रंगनळी, १८७४ ते १८८६ मधली इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची पॅरिसमधली आठ प्रदर्शनं, हे सगळ्यांना पाठ असतं. सांगायचं राहतं ते वेगळंच. १८७३-७४ मधलं क्लोद मोनेचं पॅरिसच्या बुलेव्हारचं (रुंद रस्त्याचं) गाजलेलं चित्र वरच्या मजल्यावरून रंगवलेलं आहे आणि पिसारोची १८९७ ची माँमार्त्र रस्त्याची मालिका हॉटेलच्या खिडकीतून. आपल्याकडे ईझल, म्हणजे चित्राची घोडी, फुटपाथवर लागतं. तिथे क्षितिजरेषा डोळ्याच्या उंचीला येते, म्हणजे सपाट रस्त्यावर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी जवळपास एका रेषेत आणि पाय वर-खाली. हे चुकलं की गर्दी हवेत तरंगते.

शुद्ध रंगांचं पॅलेट आपल्याकडे पसरण्यात १९३० च्या दशकाअखेर मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराचा मोठा वाटा. त्याच्याबरोबर 'काळा वापरायचा नाही' हा नियमही घट्ट झाला आणि क्लासेसमध्ये आजही वाद होतो तो यावरच.

नियमाच्या बाजूने मोनेचं १९०५ चं एक पत्र पुढे केलं जातं, आपण कोणते रंग वापरतो ते सांगणारं. त्यातले रंग सहाच: फ्लेक व्हाइट, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, डीप मॅडर, कोबाल्ट ब्लू, एमराल्ड ग्रीन. काळा नाही. पण हे पत्र बुलेव्हारच्या चित्रानंतर तीस वर्षांनी लिहिलेलं, आणि तेही एकाच चित्रकाराचं. त्याच्याच गोटातल्या रेन्वारने काळ्याला रंगांची राणी म्हटलं होतं. तेव्हा बंदीला इतिहासाचा आधार सांगतात तेवढा नाही.

शिकवण्याच्या सोयीचा आधार मात्र आहे, आणि कोल्हापुरात जरा जास्तच. जुना राजवाडा, अंबाबाईच्या देवळाचा परिसर, सगळा काळा दगड. नवशिका दगड काळा म्हणून काळी ट्यूब पिळतो आणि कॅनव्हासवर भोक पडल्यासारखं दिसतं. उन्हातला हा बेसॉल्ट दगड प्रत्यक्षात उबदार करडा दिसतो. सावलीतल्या दगडावर आभाळाचा निळा उतरतो. दोन भाग अल्ट्रामरीन (गडद निळा), एक भाग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घेतला की गडद तयार होतो. सिएना वाढवला की उन्हाकडची बाजू, निळा वाढवून थोडा पांढरा घातला की सावली. आयव्हरी ब्लॅकमधून, म्हणजे ट्यूबमधल्या काळ्यातून, ही ऊब-थंडी निघत नाही. शिवाय तो तेलकट आणि सावकाश वाळणारा. खालच्या थरात जाड लावून वर पटकन वाळणारा रंग चढवला तर पुढे तडे जातात.

तरीही कायमची बंदी आम्हाला पटत नाही. लेमन यलोत चिमूटभर काळा घातला तर झाडाच्या सावलीतला शेवाळी हिरवा इतका सहज मिळतो की दुसरा खटाटोप कशाला? पहिली दहा-बारा चित्रं काळ्याशिवाय करावीत, मग ट्यूब उघडावी.

बाकी पद्धत आता बरीचशी ठरून गेली आहे. बारा बाय सोळा इंचाचा कॅनव्हास, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या सिएनाचा हात देऊन फडक्याने पुसलेला. आठ नंबरचा चपटा हॉग (डुकराच्या राठ केसांचा) ब्रश. आधी सावल्या पातळ, उजेड शेवटी जाड. देवळासमोरच्या महाद्वार रस्त्यावर मावळतीचं ऊन थेट रस्त्याच्या लांबीने येतं. नोव्हेंबर आणि जानेवारीअखेरच्या किरणोत्सवाचं, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात त्या दिवसांचं, गणितही त्यावरच. देवळाकडे तोंड केलं तर दर्शनी भाग उजळलेला, पाठ केली तर माणसं नुसत्या आकृत्या. हा उजेड जेमतेम तासभर टिकतो, म्हणून सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाकायच्या आणि ऊन सरकलं तरी त्या हलवायच्या नाहीत. हलवल्या की ओला रंग एकमेकांत मिसळून मळतो, आणि दोष पुन्हा काळ्या ट्यूबवर जातो.